चटणी फिरवली की टीव्ही काळा : भिंतीतल्या एचडीएमआय केबलची गोष्ट

ओल्या खोबऱ्याची चटणी मिक्सरला लावली की आमच्या हॉलमधला टीव्ही दोन सेकंद काळा व्हायचा. मिक्सर थांबला की चित्र परत यायचं. अण्णांचं (माझे सासरे) म्हणणं, मिक्सर जास्त वीज ओढतो. नवऱ्याचं म्हणणं, टीव्हीच खराब निघाला. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, पण दोन्ही वेळा चटणी नव्हती, त्यामुळे त्याला काहीच सापडलं नाही.

डोंबिवलीतल्या या घराचं काम काढलं तेव्हा टीव्ही एका भिंतीवर आणि ॲम्प (स्पीकरना आवाज पुरवणारं यंत्र), सेटटॉप बॉक्स, मुलाचा गेमिंग कन्सोल हे सगळं समोरच्या शोकेसमध्ये अशी रचना ठरली. मधे प्लास्टरच्या आतून पाईप, त्यातून दहा मीटरची एचडीएमआय केबल, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही एकत्र नेणारी वायर. ती इंटिरियरवाल्याने आणली, नऊशे रुपये लावले. खोक्यावर ४के, ८के, थ्रीडी, अल्ट्रा, प्रो, गोल्ड असं सगळं छापलेलं होतं. एवढं सगळं एकाच केबलमध्ये बसतं का, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

दोष मी सापडवला तो असा. सेटटॉप बॉक्सवर बातम्या चालू ठेवून मिक्सर लावला, काही झालं नाही. कन्सोल लावला, मिक्सर फिरवला, टीव्ही काळा. मग मुलाला सांगितलं, कन्सोलचं चित्र ४के वरून १०८० वर, म्हणजे कमी बारकाव्यावर, आण. आणलं. मिक्सर फिरवला, चित्र ढिम्म हललं नाही. म्हणजे टीव्ही बरा, ॲम्प बरा, आणि माझा मिक्सरही बरा. गडबड भिंतीत होती.

१०८० चं चित्र, सेकंदाला ६० वेळा, एवढ्यासाठी केबलमधून सेकंदाला साधारण साडेचार गिगाबिट, म्हणजे साडेचार अब्ज बिट माहिती, जावे लागतात. तेच ४के केलं की आकडा जवळजवळ १८ वर जातो. तांब्याच्या केबलला तीन मीटरपर्यंत हे जड नाही. पुढे लांबी वाढत जाते तसा सिग्नल दमत जातो, आणि दहा मीटरवर साधी तांब्याची केबल १८ गिगाबिट धडपणे पोचवेल ही आशा फारच मोठी आहे. आमची केबल अगदी काठावर चालत होती. मिक्सरच्या मोटरमधल्या कार्बन ब्रशच्या ठिणग्यांनी विजेचा जो गोंगाट होतो, तेवढा धक्का तिला खाली पाडायला पुरायचा. आणि या केबलचा पडण्याचा प्रकार जुन्या अँटेनासारखा नाही. चित्र हळूहळू मुंग्या मुंग्या होत जात नाही. आहे तोवर अगदी स्वच्छ, मधेच कधी पांढरे ठिपके चमकतात, आणि मग एकदम काळं. म्हणूनच 'महाग केबलने रंग खुलतात' म्हणणाऱ्याला मी हात जोडते. चित्र पोचलं तर नऊशेच्या केबलचं आणि नऊ हजारांच्या केबलचं सारखंच दिसतं. प्रश्न पोचण्याचा आहे.

शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले. पूर्वेला बाहेर पडून लॅमिंग्टन रोड, मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण तसं विचारलंत तर समोरचा दोन क्षण विचारात पडतो.) पहिल्या दुकानात 'ताई, टू पॉइंट वन घ्या, बिनधास्त' म्हणून एक जाडजूड, वेणी घातल्यासारखी केबल पुढे केली. किती मीटर हवी, हे विचारलंसुद्धा नाही. हा २.१ किंवा २.० आकडा एचडीएमआयच्या आवृत्तीचा, तो यंत्राचा असतो, केबलचा नसतो. केबलची खरी नावं वेगळी: हाय स्पीड, त्यावर प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८ गिगाबिट, आणि त्याच्याही वर अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८. शेवटच्या दोन्हींच्या खोक्यावर तपासणीचं लेबल चिकटवलेलं असतं, ते फोनने स्कॅन करता येतं. मी लेबल मागितलं तर तो म्हणाला, 'लेबलला काय चाटायचंय?' मी नमस्कार करून बाहेर पडले.

दुसऱ्या दुकानात काउंटरच्या आत चोविशी-पंचविशीचा मुलगा होता. त्याने पहिला प्रश्न केला, 'लांबी किती, आणि भिंतीतून जाणार की बाहेरून?' इथेच माझा जीव भांड्यात पडला. दुसरा प्रश्न: 'टीव्हीचा आवाज त्याच वायरने ॲम्पला परत येतो का?' येतो. त्याला एआरसी म्हणतात. टीव्हीवर ज्या भोकाशेजारी ही तीन अक्षरं लिहिलेली असतात त्यातच केबल घालायची असते. लांब पल्ल्याच्या काही केबली चित्र नेतात, पण हा परतीचा आवाज आणत नाहीत, म्हणून त्याने विचारलं. मग त्याने ऑप्टिकल फायबरची १५ मीटरची एचडीएमआय काढली. दहाची नव्हती. बाहेरून साधीच वायर, पण जाडीला जुनीच्या निम्मी. आत चित्रासाठी तांब्याऐवजी काचेचे तंतू, आणि दोन्ही टोकांच्या डोक्यांत विजेचा उजेड आणि उजेडाची परत वीज करणारी चिप. उजेडाला मिक्सरचं काही वाटत नाही. त्याने लेबल स्कॅन करून दाखवलं, दुकानातल्या टीव्हीला लावून पाच मिनिटं ४के चालवलं, आणि पक्कं बिल दिलं. ५,४०० रुपये, एक वर्ष वॉरंटी.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्याच नावाची, त्याच रंगाच्या खोक्यातली नक्कल त्याच रस्त्यावर दीड हजारात मिळत होती. नावावर जाल तर फसाल. खोक्यावरचं लेबल स्वतःच्या फोनने स्कॅन करा.

आता माझी चूक. जुनी केबल ओढायची आणि तिच्याच शेपटीला नवी बांधून पाईपमधून न्यायची, ही इलेक्ट्रिशियनची युक्ती. तो नवी केबल पावडरच्या डब्यात लोळवून घेतो, म्हणजे बेंडवर अडकत नाही. (माझा चंदनाचा टाल्कम संपला. हॉलला चार दिवस देवघराचा वास.) पाईप बत्तीस एमएमचा होता म्हणून केबलचं डोकं गेलं, पंचवीसचा असता तर रडले असते. पाऊण तास घाम गाळून केबल पलीकडे निघाली, जोडली, आणि टीव्ही म्हणतो 'सिग्नल नाही'. या केबलला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'डिस्प्ले'. आमचं सोर्स टीव्हीकडे गेलं होतं. साध्या तांब्याच्या केबलला ही भानगड नाही, त्यामुळे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. परत सगळं बाहेर, परत पावडर. इलेक्ट्रिशियन चहा न घेता गेला. आणि काच आहे, तेव्हा कोपऱ्यात करकचून वाकवू नका, गाठ मारू नका, उरलेले पाच मीटर मोठ्या वेटोळ्यात ठेवा.

त्या दिवसापासून चटणी, पुरणयंत्र, व्हॅक्यूम क्लीनर, सगळं एकदम लावून पाहिलं. काही होत नाही.

त्याच फेरीत आणखी दोन वस्तू आणल्या. अण्णांच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीचा आवाज साऊंडबारला न्यायला ऑप्टिकल ऑडिओ केबल, दोन मीटर, अडीचशे रुपये. हा प्रकार तोशिबाने १९८३ मध्ये काढला, आणि नाट्यसंगीत ऐकायला आजही पुरेसा आहे. घरी जोडली, आवाज नाही. सेटिंग पाहिली, साऊंडबार बंद-चालू केला, अर्धा तास गेला. शेवटी अण्णांनी चष्मा लावून टोक हातात घेतलं आणि नखाने एक इवलीशी पारदर्शक टोपी काढली. प्रवासात टोकाला ओरखडा पडू नये म्हणून ती घातलेली असते. टोपी निघाल्यावर टोकाला लाल उजेडाचा ठिपका दिसला. 'एवढंसं होतं,' म्हणाले, आणि ते आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की साऊंडबार त्यांनी दुरुस्त केला. या केबलची उणीव एकच. तिच्यातून फक्त आवाज जातो, रिमोटचे हुकूम जात नाहीत, म्हणून आवाज कमी-जास्त करायला दुसरा रिमोट लागतो.

दुसरी वस्तू आमच्या लग्नाच्या कॅसेटसाठी. १९९६ ची व्हीएचएस, व्हीसीआर अजून चालतो. त्याच्या मागे पिवळं, पांढरं, लाल अशी तीन भोकं, आणि नव्या टीव्हीवर त्या तिघांच्या जागी इअरफोनसारखं एकच बारीक छिद्र. साठ रुपयांची जोडवायर आणली. रंगाला रंग जोडला. चित्र नाही, आणि उजव्या स्पीकरमधून घूंऽऽ असा भुंगा. या बारीक पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, त्यांच्यामधले चार तुकडे म्हणजे चार वेगळे संपर्क, आणि कुठल्या तुकड्यावर चित्र द्यायचं याबद्दल कंपन्यांचं एकमत नाही. आमच्या वायरीत चित्राचा रस्ता लाल रंगाला दिलेला होता. पिवळं तिथे खुपसलं, लाल पिवळ्याच्या जागी आणलं, आणि घूं थांबून बँडवाले दिसायला लागले. वायर फेकायच्या आधी रंग विसरून अदलाबदल करून बघा, साठ रुपयांत एवढंच शहाणपण येतं.

स्पीकरची वायरही तिथेच पाहिली, पण घेतली नाही. 'प्युअर कॉपर' म्हणून दाखवलेल्या तारेवर किल्लीने खरवडलं तर आत चांदीसारखी पांढरी. म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तेवढ्याच जाडीत ॲल्युमिनियमचा अडथळा तांब्याच्या दीडपटीहून जास्त. चार मीटरसाठी कानाला फरक कळणार नाही, पण तांब्याचे पैसे मी ॲल्युमिनियमला देत नाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांबद्दलही दुकानदार भरभरून बोलतात. सोनं गंजत नाही एवढंच खरं. माझ्या माहेरी रत्नागिरीला, खाऱ्या वाऱ्यात, त्याचा उपयोग आहे. चित्र त्याने सोनेरी होत नाही.

तर ऑप्टिकल एचडीएमआयला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो 'सोर्स'ची अक्षरं काळ्यावर काळी छापल्याबद्दल. दुकानातल्या त्या मुलाला पाच. अंतर तीन मीटरच्या आत असेल तर मात्र यातलं काहीही घेऊ नका; लेबलवाली साधी तांब्याची केबल सात-आठशेत येते आणि ती पुरते.

दुसऱ्यांदा केबल ओढताना मी इलेक्ट्रिशियनकडून एक नायलॉनची दोरी सोबत पाईपमध्ये सोडून घेतली आहे. तिची दोन्ही टोकं चिकटपट्टीने आतल्या बाजूला डकवलीत, आणि शोकेसच्या दाराला आतून खडूने बाण काढून ठेवलाय, टीव्ही कुठल्या बाजूला आहे त्याचा.