नवं उत्पादन घडवताना सोबत कोण: एकच मोठा ग्राहक की चार-पाच जण?

एकाच मोठ्या ग्राहक कंपनीला सोबत घेतलं की काम झपाट्याने पुढे सरकतं. प्रोटोटाइप, म्हणजे पहिला नमुना, त्यांच्याच उत्पादन लाइनवर लावून बघता येतो, टूलिंगच्या, म्हणजे साचे-डाय बनवण्याच्या, खर्चात ते वाटा उचलतात, पहिली ऑर्डरही जवळजवळ पक्की असते. मात्र उत्पादन हळूहळू त्यांच्याच मापाचं होत जातं. डिझाइनचे हक्क कोणाचे, आणि हाच माल त्यांच्या स्पर्धकाला विकता येईल का, हे पहिल्या बैठकीआधीच कागदावर आणा. फक्त आम्हालाच द्या, असा आग्रह असेल तर त्याला मुदत घाला आणि किमान खरेदीचा आकडा लिहून घ्या.

चार-पाच ग्राहकांबरोबरचं काम संथ चालतं. एकमेकांचे स्पर्धक एका टेबलावर मोकळेपणाने बोलत नाहीत, शिवाय प्रत्येकाची यादी वेगळी. तरीही बाजार मोठा हवा असेल तर मला हीच वाट बरी वाटते. बोईंगने 777 विमानाच्या आखणीत आठ विमान कंपन्यांना सामील केलं होतं. विमानात इंधन भरण्याचं पॅनल सध्याच्या इंधन ट्रकच्या आवाक्याबाहेर जातंय, हे त्यातल्याच युनायटेड एअरलाइन्सच्या लोकांनी वेळीच दाखवून दिलं. त्याच विमानाला जागा वाचवण्यासाठी दुमडणाऱ्या पंखांचा पर्याय ठेवला होता, पण तो एकाही कंपनीने घेतला नाही. म्हणून प्रत्येक मागणीपुढे एकच प्रश्न ठेवा: यासाठी जादा पैसे मोजाल का?

दोन्ही वाटांवर माणसं निवडताना चूक होते ती सारखीच. बैठकीला खरेदी विभाग येतो आणि बोलणं दरावर येऊन थांबतं. मशीन चालवणारा आणि दुरुस्त करणारा यांना बोलवा. हातमोजे घालून झाकणाची कडी उघडत नाही, हे तेच सांगतील. नवकल्पनांचे अभ्यासक एरिक फॉन हिपेल यांनी 1986 मध्ये ‘लीड युजर’ची कल्पना मांडली ती याच धाटणीची: ज्यांना गरज इतरांच्या आधी भासते आणि जे तोडगा निघावा म्हणून स्वतःच खटपट करतात, त्यांना गाठा. कोणी वेल्डिंग करून तुमच्याच मशीनला पट्टी जोडली असेल, तर आधी तिथे जा.

बाजार अजून धूसर असेल तर मी सुरुवातीला चार-पाच जणांना वेगवेगळं भेटेन आणि प्रोटोटाइपच्या चाचणीसाठी त्यातला एकच निवडेन. ही चाचणी साचा कापायच्या आधी व्हायला हवी, कारण त्यानंतर साधं भोक सरकवायचं म्हटलं तरी खर्च आणि वेळ दोन्ही जातात.