पंक बँडना तिकिटे आगाऊ विकणाऱ्या आयोजकाचा आम्हाला आलेला अनुभव

पबमधील पंक संगीताच्या (रॉक संगीताचा एक वेगवान, बंडखोर प्रकार) एका रात्रीसाठी आमच्या बँडची आणि आमच्याबरोबर वाजवणाऱ्या आणखी चार बँडची एका आयोजकाने फसवणूक केली. असाच प्रस्ताव आलेल्या इतर बँडना वेळीच कळावे, म्हणून घडले ते क्रमाने लिहीत आहे.

आयोजकाचा संदेश आला तेव्हा आम्हाला कित्येक महिन्यांत कुठेही वाजवायला मिळाले नव्हते. पाच बँड, प्रत्येकाला 25 मिनिटे आणि शेवटी एक नावाजलेला बँड, अशी त्याची योजना होती. अट एवढीच की, प्रत्येक बँडने 30 तिकिटे आधीच विकत घ्यावीत, ती आपल्या श्रोत्यांना विकून पैसे वसूल करावेत आणि दारावर जमणाऱ्या रकमेतील वाटा कार्यक्रम संपल्यावर घ्यावा. पबचे भाडे, ध्वनियंत्रणा आणि तंत्रज्ञाचे मानधन यांसाठी आगाऊ रक्कम लागते, असे कारण त्याने दिले. पावती मागितली तेव्हा हे क्षेत्र विश्वासावर चालते, असे उत्तर मिळाले. त्याच क्षणी आम्ही नकार द्यायला हवा होता.

आम्ही कचरतो आहोत हे दिसताच त्याने पंकच्या इतिहासाचाच आधार घेतला. बझकॉक्स या इंग्लंडमधील पंक बँडने 1977 मध्ये उसने पैसे घेऊन आपली पहिली तबकडी स्वतःच काढली, तेव्हा पंक म्हणजे स्वतःच्या खिशातून केलेले काम, असे त्याचे म्हणणे होते. हे उदाहरण खरे आहे आणि म्हणूनच ते आम्हाला पटले. परंतु ते पैसे बँडच्या स्वतःच्या तबकडीवर खर्च झाले आणि ती तबकडी त्यांच्याच हाती राहिली, हा फरक आमच्या लक्षात आला नाही. याच परंपरेतील स्क्रिटी पोलिटी या बँडने 1978 मध्ये तबकडीच्या वेष्टनावर निर्मितीचा खर्च छापला होता. खर्च उघड करण्याची ही पद्धत पंकमध्ये तितकीच जुनी असताना आम्ही त्याच्याकडे साधा हिशेबही मागितला नाही, याचे मला आजही फार वाईट वाटते.

कार्यक्रमाच्या रात्री सर्वांसाठी ठेवण्याचे कबूल केलेले ड्रम आणि अ‍ॅम्प्लिफायर आलेच नाहीत. तिसऱ्या बँडच्या ड्रमरने आपले ड्रम सर्वांना वापरू दिले, म्हणून कार्यक्रम होऊ शकला. पण त्या गोंधळात आमची 25 मिनिटे 15 वर आली. आयोजक स्वतः पैशांची पेटी घेऊन दारावर बसला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला, कोणत्या बँडसाठी आलात, असे विचारून कागदावर रेघा मारत होता. त्या रेघांवरून प्रत्येकाचा वाटा ठरणार होता. मोजणीच्या वेळी आमच्यापैकी कोणीही तेथे नव्हते, कारण सगळे वाद्ये लावण्यात किंवा रंगमंचासमोरच्या गर्दीत होते. चौथा बँड वाजवत असताना तो पेटी आणि कागद घेऊन निघून गेला. नावाजलेला बँड आलाच नाही; त्या बँडशी कोणी संपर्कच साधला नव्हता, हे दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडूनच समजले.

खरा धक्का पबच्या व्यवस्थापकांशी बोलल्यावर बसला. त्यांनी भाडे आकारलेच नव्हते. बारवरील विक्री पबची आणि दारावरची रक्कम बँडची, असे त्यांनी आयोजकाला सुरुवातीलाच सांगितले होते. न्यूयॉर्कच्या सीबीजीबी या क्लबमध्ये 1974 च्या सुमारास पंकची पहिली पिढी वाजवू लागली, तेव्हाही व्यवहार साधारण असाच होता. ध्वनितंत्रज्ञ केबल गुंडाळून मानधनाची वाट पाहत उभा होता. त्याला काहीच मिळाले नव्हते, म्हणून आम्ही पाचही बँडनी वर्गणी काढून त्याचे पैसे दिले. नंतर एकत्र बसून संदेश ताडून पाहिले, तर नावाजलेल्या बँडच्या लगेच आधीची जागा त्याने पाचही बँडना देऊ केली होती आणि त्यासाठीची वाक्येही शब्दशः सारखी होती.

आमची 8 तिकिटे विकली गेली नाहीत आणि दारावरच्या रकमेतील काहीही हाती आले नाही. एक फोन पबला आणि एक पोस्टरवरील इतर बँडपैकी कोणालाही केला असता, तर हे सर्व टळले असते. त्याहून अधिक तपासाची गरज नव्हती. आता आम्ही पबशी थेट बोलतो, अटी लेखी घेतो आणि दारावर प्रत्येक बँडचा एक माणूस आळीपाळीने बसवतो. संदेश आणि पैसे पाठवल्याची नोंद जोडून आम्ही पोलिसांकडे तक्रार दिली आहे. तो सध्या दुसऱ्या नावाने तीच 30 तिकिटांची अट घालत आहे आणि त्याच्या नव्या पोस्टरवर आमच्या त्या रात्रीचे छायाचित्र आहे. त्या पोस्टरवरील तीन बँडना आम्ही हे सर्व संदेश पाठवले आहेत.