बी.एस्सी.वर थेट दुसऱ्या वर्षाला बी.फार्म.: कोल्हापुरात आमचे 2,03,600 रुपये असे गेले

बी.एस्सी. झालेल्या पोरांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा. बी.एस्सी.च्या मार्कलिस्टवर बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. महाराष्ट्रात नाही, कर्नाटकात नाही, कुठंच नाही. बी.फार्म.ची 2014 ची नियमावली फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची आहे आणि ती देशभर लागू आहे. तिच्यात स्वच्छ लिहिलंय की दुसऱ्या वर्षाला, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरला, थेट प्रवेश फक्त मान्यताप्राप्त संस्थेतून डी.फार्म., म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, झालेल्याला. हे मला कळेपर्यंत घरचे 2,03,600 रुपये गेले आणि माझं एक वर्ष गेलं.

मी करवीर तालुक्यातला. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केली, 71 टक्के. बारावीला गणित आणि बायोलॉजी दोन्ही होतं. नीटमध्ये जमलं नाही म्हणून बी.एस्सी.ला गेलो, पण डोक्यातून औषधांचं काही गेलं नव्हतं. आमच्या गावात मेडिकल नाही. रात्री लहान पोराला ताप आला तर गाडी काढून कोल्हापूर गाठावं लागतं. तालमीजवळ चुलत्यांचा गाळा रिकामा आहे. मी फार्मासिस्ट व्हायचं आणि स्वतःच्या नावावर मेडिकल टाकायचं, दुसऱ्याचं सर्टिफिकेट भाड्यानं आणून नव्हे, असं घरात ठरलं होतं. वाईट काय होतं त्यात?

राजारामपुरीतल्या एका ॲडमिशन कन्सल्टन्सीचं नाव मित्राकडून कळलं. मित्राच्या बहिणीचं नर्सिंगचं काम तिथूनच झालं होतं, आणि ते खरोखर झालं होतं. म्हणजे आम्ही वाऱ्यावर गेलो नव्हतो, खात्रीचा माणूस मधे होता. पुढचं तुम्हाला माहीत आहे. ‘दोनच जागा राहिल्यात’, ‘आत आपला माणूस आहे’, ‘सोमवारनंतर रेट बदलेल’. कन्सल्टन्सीतला माणूस वडिलांना पहिल्या भेटीपासून मामा म्हणायचा. ‘मामा, पोरगं ग्रॅज्युएट हाय तुमचं. पहिल्या वर्षाची केमिस्ट्री त्यानं आधीच केलीया, परत कशाला बसवताय? एक वर्षाची फी वाचली, एक वर्ष वाचलं.’

आणि त्यानं कागद दाखवला. सरकारी माहितीपुस्तिकेच्या एका पानाची झेरॉक्स. त्यावर पिवळ्या हायलायटरनं ओळ रंगवलेली: बी.एस्सी. पदवी, किमान 45 टक्के, बारावीला गणित, थेट द्वितीय वर्षासाठी पात्र. ओळ खरी आहे, आजही आहे. फक्त ती इंजिनिअरिंगच्या थेट द्वितीय वर्षाची आहे. झेरॉक्स काढताना पानाचा वरचा मथळा कापलेला होता. ‘शिकलेल्या पोराला एवढं कळू नये का?’ असं मला नातेवाइकांपासून हवालदारापर्यंत सगळ्यांनी ऐकवलंय. त्यांना माझं उत्तर हे आहे: महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या आणि फार्मसीच्या थेट द्वितीय वर्षाचे प्रवेश, दोन्हीही, राज्याचा सीईटी सेलच करतो, नावं सारखी, भाषा सारखी. मथळा कापलेलं पान हातात दिलं तर कुणाला कळणार आहे? अर्धं खरं दाखवून फसवणारा माणूस साध्या खोटारड्यापेक्षा जास्त हुशार असतो, आणि हा तसा होता.

पैसे असे गेले. नोंदणीचे 5,100, रोख. ‘सीट कन्फर्मेशन’चे 60,000, एनईएफटीनं. ते खातं कन्सल्टन्सीचं नव्हतं, एका व्यक्तीचं होतं. विचारलं तर म्हणाला, ‘फर्मचं करंट खातं केवायसीला अडकलंय.’ मग ‘डोनेशन’चे 1,20,000, रोख. त्यातले 85,000 आईची बोरमाळ पतसंस्थेत ठेवून काढलेले, उरलेले उसाच्या बिलातले. आणि शेवटी ‘एलिजिबिलिटी आणि मायग्रेशन’चे 18,500, यूपीआयनं, त्याच व्यक्तीच्या नंबरवर. एकूण 2,03,600. पावती मिळाली ती फक्त 5,100 ची, आणि तिच्यावर ‘समुपदेशन शुल्क, परत मिळणार नाही’ असं बारीक अक्षरात छापलेलं. एक लाख वीस हजारांची पावती मागितल्यावर तो वडिलांकडं बघून म्हणाला, ‘मामा, डोनेशनची पावती कोण देतंय का? तुमीच अडचणीत याल.’ ही दमदाटी होती, पण तेव्हा आम्हाला ती आमची काळजी वाटली. कॅपिटेशन फी घेणं महाराष्ट्रात 1987 च्या कायद्यानं गुन्हा आहे. त्याची भीती घेणाऱ्याला असायला हवी होती, ती त्यानं आमच्यावर ढकलली.

आता तो फॉर्म. रात्री झोप लागत नाही ती त्या फॉर्मपायी.

कॉलेजचा छापील प्रवेश अर्ज होता, सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या एका खासगी कॉलेजचा. दुसऱ्या पानावर चौकट होती. पहिल्या रकान्यात डी.फार्म. उत्तीर्ण वर्ष. दुसऱ्यात मंडळाचं नाव. तिसऱ्यात नोंदणी क्रमांक. मी पेन थांबवलं आणि विचारलं, ‘सर, इथं काय लिहू?’ विचारलं, गप्प बसलो नाही. त्यानं फॉर्म स्वतःकडं ओढला, स्वतःच्या निळ्या पेननं ‘डी.फार्म.’वर एक आडवी रेघ मारली आणि वर इंग्रजीत बी.एस्सी. लिहिलं. तिसरा रकाना कोराच ठेवला. ‘फॉर्म जुना छापलाय. नवीन नियमाचे अजून आले नाहीत.’ एवढं म्हणून पान उलटलं आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. शेजारी वडील बसले होते, खिशात बोरमाळेचे पैसे, आणि खाली रस्त्यावर चुलते गाडीत वाट बघत होते. त्या रेघेचा फोटो मी तरीही काढला होता, मोबाईलमध्ये आहे. त्यानं फॉर्मवर खोडल्याचा आज माझ्याकडं तोच एक पुरावा आहे. म्हणून सांगतो, कुणीही तुमच्या फॉर्मवर छापलेलं काहीही खोडलं तर सही करू नका. उठा. पैसे दिलेले असले तरी उठा.

कॉलेजात मला बसवलंसुद्धा. ॲप्रन घेतला, हॉस्टेलची खोली मिळाली, फार्मास्युटिक्सची प्रॅक्टिकलं केली. हजेरीच्या मस्टरमध्ये सगळ्यांची नावं कॉम्प्युटरवरची छापील होती, माझं आणि आणखी दोघांचं खाली पेन्सिलनं. मी ऑफिसात जाऊन विचारलं, तर ‘उशिरा ॲडमिशन, पुढच्या महिन्यात येईल’. ओळखपत्रही असंच पुढच्या महिन्यात. मग परीक्षेचे फॉर्म सुरू झाले. क्लार्कबाई मराठी बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, ‘डी.फार्म.चं मार्कशीट आण.’ मी म्हणालो, ‘माझं बी.एस्सी. आहे, मॅडम.’ त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ‘मग तू इथं बसलास कसा?’

कॉलेजचं म्हणणं, त्या माणसानं ‘मार्कशीट नंतर देतो’ म्हणून माझं नाव तात्पुरतं घातलं होतं. कॉलेजकडं माझ्या नावावर जमा होते 15,000. बाकी 1,88,600 कुठं गेले हे विचारायला वाचकांना मोठं गणित लागणार नाही. आणि कॉलेज निष्पाप आहे असंही मी म्हणत नाही. कागद न बघता पोराला सेमिस्टरभर कोण बसवून घेतं?

मी परत आल्यावर त्या कन्सल्टन्सीवाल्यानं आधी फोन उचलले, मग 1,50,000 चा चेक दिला. चेक वटला नाही, खात्यात पैसेच नव्हते. आणि इथून पुढं ज्यांनी मदत करायची त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: ‘पैसे तुम्हीच दिले ना? स्वखुशीनं?’ दुसरं: ‘ही दिवाणी बाब आहे, वकील करा.’ तिसरं: ‘कॉलेज कर्नाटकात आहे, तिकडं तक्रार द्या.’ पैसे कोल्हापुरात घेतले, बँकेचं खातं कोल्हापुरातलं, ऑफिस कोल्हापुरात. तरी तिकडं जा! तिकडं गेलो तर ते म्हणाले, माणूस महाराष्ट्रातला आहे, तुमच्याकडं करा. सीमाभागातल्या माणसाला हा चेंडू नवा नाही, पण इथं तो माझ्या वर्षाचा आणि आईच्या दागिन्याचा होता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी तक्रार घ्यावी लागते. हे मी छापून नेलं. अंमलदारानं कागद वाचला नाही, टेबलाच्या काचेवर ठेवला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

एका सरकारी कार्यालयात गेलो, तिथं ‘परराज्यातलं कॉलेज आमच्या अखत्यारीत नाही’. मग कन्सल्टन्सी? ‘कन्सल्टन्सीला आम्ही परवानगी देत नाही, म्हणून कारवाईपण करत नाही.’ म्हणजे कुणीही गाळा घ्यावा, बोर्ड लावावा, ‘थेट प्रवेश’ छापावं, आणि त्याला विचारणारा कुणी नाही. दर जून-जुलैला निकाल लागला की शहरभर हे बोर्ड लागतात. ज्यांच्या डोळ्यांसमोर लागतात त्यांनाच ते दिसत नाहीत.

सगळ्यात संताप येतो तो चेकचा. ठाण्यातल्या साहेबांनी सांगितलं, ‘चेक दिलाय म्हणजे द्यायची नियत आहे. थांबा थोडं.’ आम्ही थांबलो, खाकी वर्दीतल्या माणसाचं ऐकलं. कुणी सांगितलं नाही की चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेली नाही तर चेकच्या कायद्यातल्या कलम 138 ची केस उभी राहत नाही. ते 30 दिवस त्यांच्या ‘थांबा’मध्ये गेले. नशिबानं चेकची तीन महिन्यांची मुदत संपली नव्हती. वकिलांनी तोच चेक पुन्हा बँकेत भरायला लावला, पुन्हा परत आला, आणि या वेळी नोटीस लगेच गेली. नोटीस मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात, दिले नाहीत तर पुढच्या महिनाभरात कोर्टात जायचं असतं. ही केस आता कोर्टात आहे. पण चेक दीड लाखाचाच, बाकी 53,600 साठी वेगळं भांडण.

पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) मध्ये तसं आहे. रजिस्टर्ड पोस्ट करा, पोच जपून ठेवा. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जाता येतं. फसवणुकीचं कलम आता 420 नाही, भारतीय न्याय संहितेचं 318(4) आहे. अर्जात जुनं कलम लिहिलं म्हणून माझा अर्ज एकदा परत दिला गेला. ग्राहक आयोगातही जा: सल्लागारानं पैसे घेऊन सेवा द्यायची कबूल केली होती, आणि 5 लाखांपर्यंतच्या रकमेला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. यूपीआयनं पैसे गेले असतील तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी फार उशिरा केला, कारण तेव्हा फसलोय हेच माहीत नव्हतं.

आणि जे खरे रस्ते आहेत ते मला आता पाठ झालेत. बारावी सायन्सच्या मार्कांवर महाराष्ट्रात डी.फार्म.ला प्रवेश मिळतो, सीईटी लागत नाही. ते पूर्ण करून बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं. बी.फार्म.च्या पहिल्या वर्षाला सीईटी द्यायची. नीटला वयाची वरची अट 2022 पासून नाही, बी.एस्सी.नंतरही देता येते. पण बीएएमएसला बी.एस्सी.वाल्यांसाठी वेगळा ‘ग्रॅज्युएट कोटा’ आहे असं कुणी म्हटलं तर उठून या, तसला कोटा नाही. माझ्या वर्गातल्या एकीला ‘घरबसल्या ऑनलाइन डीएमएलटी’ (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) विकत होते, तिला मी थांबवलं. आरोग्यसेवेशी निगडित अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं द्यायला यूजीसीनं 2025-26 पासून बंदी घातली आहे. फार्मसी कॉलेजचं नाव कौन्सिलच्या वेबसाइटवरच्या यादीत स्वतः शोधा, एजंटच्या मोबाईलवरचा स्क्रीनशॉट बघू नका. कॉलेजला स्वतः फोन करा, आणि तो नंबरही एजंटकडून घेऊ नका. पैसे फक्त कॉलेजच्या खात्यात. व्यक्तीच्या नावावर एक रुपयासुद्धा नको.

मी आता डी.फार्म.ला अर्ज भरतोय. बोरमाळ अजून पतसंस्थेतच आहे, व्याज चालू आहे.

त्या मस्टरवर पेन्सिलनं लिहिलेली आणखी दोन नावं होती. एक मुलगा गडहिंग्लजकडचा होता, दुसरा कागलचा. त्यांनी अजून तक्रार दिलेली नाही. ‘घरात कळेल’ म्हणून गप्प आहेत. तुमच्याकडं राजारामपुरीतली तसली ‘समुपदेशन शुल्क’ लिहिलेली पावती असेल, तुमच्या फॉर्मवरही कुणी निळ्या पेननं डी.फार्म. खोडलं असेल, तर तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची एक प्रत पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा. एकट्याचा अर्ज दिवाणी बाब म्हणून बाजूला पडतो. एकाच माणसाविरुद्ध चार तक्रारी आल्या की तसं म्हणता येत नाही. फॉर्मचा फोटो, बँकेचं स्टेटमेंट, चेक परत आल्याचा बँकेचा कागद, सगळ्यांच्या झेरॉक्स जोडा आणि मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, पोलिसांच्यासुद्धा पोच घेतल्याशिवाय नाही.