बविंडीचा गोरिला ट्रेक: आठ जण, एक तास, दहा मीटर

युगांडाच्या बविंडी राष्ट्रीय उद्यानात परदेशी पाहुण्याला जुलै २०२४ पासून ८०० डॉलरचं परमिट लागतं आणि गोरिलांसमोर मिळतो फक्त एक तास. गोरिलांच्या एका कुटुंबाला दिवसातून एकदाच भेट, जास्तीत जास्त आठ पर्यटक, आणि पंधरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. या मर्यादाच या सेवेची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहेत. २०१८ च्या गणनेत बविंडीच्या जंगलात ४५९ पर्वतीय गोरिला होते. युगांडा, रुआंडा आणि काँगोच्या सीमेवरच्या विरुंगा डोंगरांतले ६०४ मिळवले तरी हजाराच्या थोडेच वर.

चूक होते ती विभाग निवडताना. बुहोमा, रुहिजा, रुशागा आणि न्कुरिंगो हे चार विभाग, आणि परमिट त्यातल्या एकाचंच असतं. नकाशावर बुहोमा आणि रुशागा शेजारी वाटतात, पण मधला डोंगरी रस्ता कित्येक तास खातो. सकाळी सूचना देण्याची वेळ हुकली तर तुकडी थांबत नाही. म्हणून आधी परमिट, मग त्याच विभागात मुक्काम.

युगांडाचा आंतरराष्ट्रीय विमानतळ असलेल्या एंटेबेहून बविंडीला गाडीने आठ ते दहा तास लागतात. रुआंडातल्या किगालीला उतरून सीमा ओलांडली की रुशागा बरंच जवळ पडतं. युगांडा, रुआंडा आणि केनिया मिळून असलेला १०० डॉलरचा पर्यटक व्हिसा इथे कामी येतो. मात्र ज्या देशाने तो दिला, त्याच देशात आधी उतरावं लागतं. पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला जवळ हवाच. रुआंडातच गोरिला पाहायचे तर प्रवास सोपा, पण तिथलं परमिट २०१७ पासून १,५०० डॉलर आहे.

ट्रॅकर पहाटेच आदल्या रात्रीच्या घरट्यांपासून माग काढत निघतात आणि वाटाड्याला वायरलेसवर कळवतात. त्यामुळे गोरिला जवळपास नक्की दिसतात. चालणं किती ते मात्र कोणी सांगू शकत नाही. कधी तासाभरात भेट होते, कधी पाच-सहा तास चढउतार. बागकामाचे जाड हातमोजे घ्या, कारण घसरताना हात नेमका आग करणाऱ्या खाजऱ्या झुडपावर पडतो. पँट मोज्यांत खोचा, नाहीतर कडकडून चावणाऱ्या सफारी मुंग्या आत शिरतात. दोन लिटर पाणी हवं, आणि जून ते ऑगस्टच्या कोरड्या हंगामातही रेनकोट. दाट सावलीत ४०० मिमीची जड लेन्स फारशी उपयोगी नाही, ७०-२०० मिमीची पुरते. फ्लॅश पूर्ण बंद. तब्येत ठणठणीत असली तरी सामान वाहणारा पोर्टर घ्या: तो आसपासच्या गावातला असतो आणि जंगल राहिलं तर त्याचं घर चालतं.

सेवेची कमकुवत बाजू म्हणजे अंतर. पूर्वी सात मीटरचा नियम होता, आता दहाचा आग्रह आहे आणि मास्क लागतो. पण बविंडीत २०१४ मध्ये झालेल्या पाहणीत जवळपास प्रत्येक सफरीत सात मीटरही पाळले गेले नव्हते. आपला साधा सर्दी-खोकला गोरिलांना जीवघेणा ठरतो. २००९ मध्ये रुआंडातल्या एका कुटुंबात माणसांमधल्या श्वसनविषाणूची साथ पसरली आणि एक मादी व एक पिल्लू दगावलं. अजून जवळ नेण्यासाठी वाटाड्याला टिपेचं आमिष दाखवणं म्हणजे त्याला नियम मोडायला भाग पाडणं. उलट निघतानाच त्याला स्पष्ट सांगा, ‘आम्हाला लांबूनच पाहायचं आहे.’ पिल्लू जवळ आलं तर आपण मागे सरायचं. सिल्व्हरबॅक, म्हणजे पाठ रुपेरी झालेला प्रौढ नर, अंगावर धावून आला तर पळू नका. खाली बसा, नजर जमिनीकडे ठेवा. सकाळी घसा खवखवत असेल तर लपवू नका, परमिट वाया गेलं तरी चालेल.

आणखी एक गोष्ट खटकते. १९९१ मध्ये उद्यान झालं तेव्हा इथल्या बाट्वा लोकांना जंगलाबाहेर काढलं गेलं. त्यांच्या नावाने दाखवल्या जाणाऱ्या नाचगाण्याच्या कार्यक्रमाला जाण्याआधी, पैसे थेट त्यांच्या हातात पडतात का हे विचारून घ्या.

रुशागात चार तासांची, माणसांना सरावत असलेल्या गोरिला कुटुंबाबरोबरची सफरही मिळते. पहिल्या भेटीला ती घेऊ नका. हे गोरिला अजून बुजतात, बराच वेळ त्यांच्यामागे चालण्यातच जातो.