नावाहोंच्या मागाचा फोटो छापून घेतला, त्याचा अनुभव

मी मोहाडी तालुक्यातला कोष्टी, घरात कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा माग. मुलानं मोबाइलवर एक फोटो दाखवला अन् झोप उडाली. अमेरिकेतल्या नावाहो लोकांचा उभा माग, त्यावर अर्धवट विणलेलं कांबळं. लेफ्टनंट व्हीलरच्या सरकारी सर्वेक्षणासाठी टिमोथी ओसुलिव्हननं १८७३ साली फोर्ट डिफायन्स या जुन्या लष्करी ठाण्याजवळ काढलेला. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतल्या सरकारी ग्रंथालयाच्या साइटवर मोठी फाइल फुकट मिळते. ती घेऊन बाजारओळीतल्या स्टुडिओत गेलो.

पहिली प्रिंट परत केली. "जुना फोटो आहे काका, चेहरे उजळून दिले ना जी," पोरगा म्हणाला. माणसं गोरी, गुळगुळीत झाली होती अन् ताण्याचे, म्हणजे उभे धागे एकमेकांत चिकटले होते. त्याला समजावलं, तर वाद न घालता फाइल जशीच्या तशी मॅट कागदावर काढून दिली. १२ बाय १८ इंच, १८० रुपये. हे काम मात्र अव्वल! ताणा सुटा दिसतो. आपण खड्ड्यात पाय सोडून पावडी दाबतो, करवती किनारीला तीन धोटे फेकतो. त्यांचा माग जमिनीवर उभा, बाणा, म्हणजे आडवा धागा हातानं ओवून लाकडी फणीनं ठोकायचा, कापड खालून वर चढतं.

तेव्हा काचेवर रसायन लावून ती ओली असतानाच फोटो काढून धुवावा लागे. म्हणजे समोरच्यांना सांगून, थांबवून बसवलेलं. मूळ मथळ्यात 'नावाहो इंडियनांमधलं आदिम जीवन' अन् ठिकाण एवढंच, नाव एकाचंही नाही. आदिम कसलं? १८६४ मध्ये अमेरिकी सैन्यानं त्यांची पीचची झाडं तोडली, शेकडो मैल पायी हाकत नेऊन न्यू मेक्सिकोतल्या बॉस्के रेडोंडोच्या छावणीत आठ हजारांवर लोक डांबले. १ जून १८६८ च्या करारानंतर ते घरी परतले. फोटो त्यानंतर पाचच वर्षांनी काढलेला. उजाड झालेल्या घरात पुन्हा माग लागला, हे मला त्यात दिसतं. विणकराला ते दिसतंच.

म्हणून खाली साल, ठिकाण, फोटोग्राफरचं नाव अन् 'दिने विणकर' असं छापून घेतलं. दिने हे त्यांचं स्वतःचं नाव. मजकुराचे २० रुपये वेगळे पडले, अक्षर स्वच्छ आलं. लॅमिनेशन करायला सांगतील, करू नका. ट्यूबलाइट चमकते अन् धागा दिसत नाही.