लग्नाचा वाढदिवस डोंगरात: चांदोली, इरविकुलम की तीर्थन?

लग्नाच्या वाढदिवसाला दोघांनीच कुठेतरी डोंगरात जायचं ठरलं की पुणेकरांची गाडी सवयीने लोणावळा नाहीतर महाबळेश्वरकडे वळते. तिथल्या रांगांना आणि मॅप्रोला विटलेल्यांसाठी हा आढावा. पर्याय तीन घेतलेत, तिन्ही डोंगरातली राष्ट्रीय उद्यानं: आपल्या सह्याद्रीतलं चांदोली, मुन्नारजवळचं इरविकुलम आणि हिमाचलात तीर्थन नदीच्या खोऱ्याकडचं ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क, म्हणजे बोलीभाषेत 'तीर्थनला जाऊन आलो' म्हणतात ते.

बजेट, हॉटेल, रील्स या सगळ्याच्या आधी लग्नपत्रिका काढा. कारण इथे जागा तुम्ही निवडत नाही, तुमच्या भटजींनी काढलेला मुहूर्त निवडतो. आपल्याकडे लग्नं लागतात ती मार्गशीर्षात, माघ-फाल्गुनात आणि वैशाखात. इंग्रजी कॅलेंडरने डिसेंबर, फेब्रुवारी-मार्च आणि एप्रिल-मे. या तीन खिडक्यांत तिन्ही उद्यानांची तब्येत अगदी वेगवेगळी असते.

डिसेंबरची तारीख असेल तर चांदोली उत्तम स्थितीत असतं. पावसाचं पाणी अजून ओढ्यांत असतं, रान हिरवं असतं आणि पहाटे अंगात स्वेटर लागतो. इरविकुलमही डिसेंबरात सुंदर, फक्त नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळा, तेव्हा अख्खं दक्षिण भारत मुन्नारला आलेलं असतं. तीर्थनला मात्र तेव्हा कडाक्याची थंडी. ३,१२० मीटरवरची जलोरी खिंड बर्फाने कधी बंद होईल त्याचा नेम नसतो. शेकोटीपाशी बसायला हरकत नाही, पण उद्यानात लांब चालण्याचे ते दिवस नव्हेत.

फेब्रुवारी-मार्चवाल्यांनी इरविकुलमवर सरळ काट मारावी. निलगिरी ताहर या डोंगरी रानबकऱ्याच्या माद्या याच सुमारास वितात, म्हणून उद्यान साधारण हे दोन महिने पर्यटकांना बंद ठेवतात. विमानाची तिकिटं काढून झाल्यावर हे कळणारी जोडपी दरवर्षी निघतात. मुन्नारचे चहाचे मळे तेव्हाही दिसतीलच, पण मग ती नुसती मुन्नारची सहल झाली.

एप्रिल-मे हा तीर्थनचा काळ. एप्रिलमध्ये बुरांस, म्हणजे लाल ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला असतो, नदीला बर्फाचं पाणी असतं आणि पुण्यात पारा चाळिशीला टेकलेला असताना तुम्ही रात्री रजई घेता. चांदोली मेमध्ये करपलेलं असतं. पाणवठ्यावर जनावर दिसण्याची शक्यता तेव्हाच जास्त, हे खरं, पण उन्हाने वैतागलेला जोडीदार शेजारी असताना गवा बघण्यात मजा नाही.

आता रस्ता. चांदोलीला कोल्हापूर हायवेने निघायचं, पेठ नाक्याला वळून शिराळा, कोकरूड, आरळा करत मणदूर. महामार्गाच्या रुंदीकरणाची कामं जिथे चालू असतील तिथला वेळ धरून पाच-सहा तास. मुलांना आजी-आजोबांकडे ठेवून शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री परत, असं जमू शकणारं या तिघांतलं हे एकच. इरविकुलमला लोहगावहून कोची विमानाने आणि पुढे एकशेदहा किलोमीटरचा घाट, चारेक तास. वळणांनी ज्यांना मळमळतं त्यांनी गोळी आधी घ्यावी. पूर्णा एक्स्प्रेसने कोकण रेल्वेमार्गे एर्नाकुलमला जाता येतं, पण ती रोज नाही आणि प्रवास दिवसाहून जास्त. तीर्थनला चंदीगडपर्यंत विमान आणि मग दिवसभर गाडी, नाहीतर दिल्लीहून मनालीच्या रात्रीच्या व्होल्वोने निघून औटला उतरायचं आणि बंजारमार्गे गुशैणी. जाण्यायेण्यातच दोन-तीन दिवस जातात. आठवडाभराची रजा नसेल तर या वाटेला जाऊ नका.

तिथे पोचल्यावर 'दोघांनीच' हा भाग कितपत साधतो? माझ्या मते खरा फरक इथेच पडतो, आणि जाहिरातीतल्या फोटोंत हे दिसत नाही.

इरविकुलमचा विस्तार ९७ चौरस किलोमीटर, पण पर्यटकांना मोकळा आहे तो राजमलाचा भाग. वनखात्याच्या बसने वर जायचं आणि डांबरी रस्त्याने थोडं चालायचं, बरोबर शे-दीडशे माणसं. २,६९५ मीटरची अनामुडी, हिमालयाच्या दक्षिणेला भारतातलं सर्वांत उंच शिखर, समोर उभी असते. तिच्यावर चढायला सर्वसाधारण पर्यटकाला परवानगी नाही. पण ताहर इतके जवळ येतात की विश्वास बसत नाही. रस्त्याच्या कठड्यालगत चरत असतात, जबड्यांचा आवाज ऐकू येतो. वयात आलेल्या नराचा रंग गडद होतो आणि पाठीवर खोगीर घातल्यासारखा रुपेरी पट्टा उमटतो, तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही. तासा-दोन तासांत सगळं आटपतं. एकांत शोधायचा तो उरलेल्या दिवसात, चहाच्या मळ्यातल्या एखाद्या मुक्कामी.

चांदोलीत माणसं कमी, पण गाडीत गाईड असतोच. महाराष्ट्रातल्या सहा राष्ट्रीय उद्यानांपैकी सह्याद्रीच्या माथ्यावरचं हे एकच. २००४ साली झालं, आणि २०१० पासून कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. वाघ बघायला म्हणून जाऊ नका. ताडोब्यातून वाघिणी आणून सोडण्याचं काम २०२५ मध्ये सुरू झालं असलं तरी हे ताडोबा नव्हे. गवा, सांबर, शेकरू दिसले तर नशीब. इथे बघायचा तो झोळंबीचा सडा. दाट झाडीतून गाडी एकदम उघड्या कातळावर येते आणि खाली चांदोली धरणाच्या वसंतसागर जलाशयाचं पाणी पसरलेलं असतं. धरण आणि अभयारण्यामुळे इथली गावं उठवली, झोळंबी त्यातलंच. गाईड स्थानिक असला तर त्याला गावांबद्दल विचारा, प्राण्यांबद्दल नंतर.

तीर्थनमध्ये ७५४ चौरस किलोमीटरच्या उद्यानात गाडीरस्ताच नाही. परवाना काढायचा, स्थानिक वाटाड्या घ्यायचा आणि गुशैणीकडून नदीकाठाने आठ-दहा किलोमीटर चालत रोल्लाला पोचायचं. तिथे मुक्काम तंबूत. पार्कच्या दारापर्यंत जाऊन परत आलात तरी दिवस भरतो. वाटेत मोनाल हा रंगीबेरंगी पक्षी दिसला तर दिसला. चालताना वाटाड्या पुढे निघून जातो आणि तुम्ही दोघं मागे उरता, बोलत किंवा न बोलता. असा वेळ बाकी दोन्हीकडे मिळत नाही. पण दोघांपैकी एकाचाच दम पर्वतीच्या पायऱ्यांवर निघत असेल तर हा वाढदिवस भांडणात जाईल. आधी दोन-चार रविवार सिंहगड करून बघा.

राहण्याच्या बाबतीत चांदोली सर्वांत साधं. जवळच्या गावांतली घरगुती सोय, चुलीवरची भाकरी, पिठलं, सांगितलं तर गावठी कोंबडा. बाथटब आणि पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या हव्या असतील तर मुन्नार, तिथे सगळं मिळतं आणि सकाळी अप्पम-स्टूही. तीर्थनला लाकडी होमस्टे, खाली नदी आणि ताटात तूप घातलेला सिड्डू, म्हणजे तिथली वाफवलेली सारणाची रोटी. नदीपलीकडच्या घरी जायला कुठेकुठे तारेवरचा पाळणा असतो, बॅगाही त्यातूनच जातात. चाकांची मोठी सूटकेस पुण्यातच ठेवा.

खर्चाचं थोडक्यात: चांदोली पेट्रोल आणि एका रात्रीत भागतं, मुन्नारला मुक्काम महाग, तीर्थनला मुक्काम स्वस्त पण प्रवास महाग.

मला विचाराल तर डिसेंबर आणि फेब्रुवारीला चांदोली, एप्रिल-मेला तीर्थन. इरविकुलम मी एकाच जोडप्याला आग्रहाने सांगेन: ज्यांचं लग्न २०१८ चं आहे. त्या वर्षी तिथे नीलकुरिंजी, डोंगर निळेजांभळे करणारं झुडूप, फुलली होती. ती बारा वर्षांनी फुलते, म्हणजे पुन्हा २०३० मध्ये, तुमच्या बाराव्या वाढदिवसाच्या वर्षी. फुलं मात्र साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. तारीख जुळवून घ्यावी लागेल.

राहिले जून ते सप्टेंबरवाले, बहुतेक रजिस्टर लग्न केलेले. चांदोली जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं, म्हणजे ज्या चातुर्मासात मुहूर्त नसतात जवळजवळ त्याच काळात. कुलू भागात पावसाळ्यात दरडी कोसळतात. २०२३ च्या जुलैत बियास खोऱ्यात काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. तारखेच्या दिवशी इथेच कुठेतरी छान जेवून घ्या आणि रजा ऑक्टोबरच्या अखेरीची टाका. तेव्हा तीर्थनला आकाश स्वच्छ असतं आणि चांदोलीही नुकतंच उघडलेलं असतं. दिवाळीच्या आठवड्यात मात्र विमानाच्या तिकिटांचे भाव बघून ठरवा.