दबावाखालील नेतृत्वासाठी भावनिक बुद्धिमत्ता : एका कार्यशाळेचा अनुभव

मानसशास्त्रज्ञ पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या भावनिक बुद्धिमत्तेच्या, म्हणजे स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखून हाताळण्याच्या क्षमतेच्या, संकल्पनेवर आधारलेली ही दोन दिवसांची कार्यशाळा मी नुकतीच पूर्ण केली. पहिल्या सकाळचा सैद्धांतिक भाग नेटका होता, पण खरे मोल होते ते दुपारच्या सरावाचे.

कामाचे भवितव्य अनिश्चित असताना सहकाऱ्यांशी कसे बोलावे, हा प्रसंग मला साकारायचा होता. मी घाईघाईने आश्वासने देऊ लागताच प्रशिक्षिकेने मला थांबवले आणि या क्षणी नेमके काय वाटते आहे, असे विचारले. मी चीड म्हणालो. प्रत्यक्षात ती भीती होती, आणि तिला नाव दिल्यावरच माझा आवाज स्थिरावला. त्यानंतर काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही आणि पुढची माहिती केव्हा मिळेल, एवढेच मी स्पष्ट सांगू शकलो. हा धडा मला फार मोलाचा वाटतो.

दुसऱ्या दिवशीची प्रश्नावली मात्र निराशाजनक होती, कारण स्वतःच स्वतःला दिलेल्या गुणांवरून आत्मभान मोजता येत नाही. तेथे सहकाऱ्यांचे अभिप्राय घ्यायला हवे होते. तरीही संघाची जबाबदारी नव्याने स्वीकारणाऱ्यांना मी ही कार्यशाळा मनापासून सुचवेन.